खासदार झाले, पण नगरसेवकच राहिले: जॉर्ज लान्सबरी

आपल्याकडे नगरसेवकपद ही पहिली पायरी. प्रभागात वजन वाढलं की आमदारकीचं तिकीट, तेही जमलं की दिल्ली. वर गेलेला माणूस गटारं आणि घरपट्टीच्या भानगडीत सहसा पुन्हा पडत नाही. ब्रिटनमध्येही ही वाट रुळलेली आहे. क्लेमंट अ‍ॅटली स्टेपनीचे महापौर होते, जॉन मेजर लँबेथचे नगरसेवक, थेरेसा मे मर्टनच्या नगरसेविका. तिघंही पुढे पंतप्रधान झाले. जॉर्ज लान्सबरी (1859–1940) यांना ते पद कधी मिळालं नाही. पण वर जाऊनही ज्यांनी प्रभाग सोडला नाही, अशांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं.

जन्म सफोकमधल्या हेल्सवर्थचा, वाढले पूर्व लंडनमध्ये. 1884 साली बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथल्या हालांना कंटाळून वर्षभरात परतले. सुरुवात केली लिबरल पक्षाच्या निवडणूक कामापासून; त्या पक्षात मन रमेना, तेव्हा समाजवाद्यांत दाखल झाले. 1893 मध्ये ते पॉप्लरच्या ‘बोर्ड ऑफ गार्डियन्स’वर निवडून आले. निराधारांना मदत देणारं आणि वर्कहाउस चालवणारं हे स्थानिक मंडळ. वर्कहाउस मुद्दामच असं ठेवलेलं असे, की अगदीच नाइलाज झाल्याशिवाय कुणी त्याची पायरी चढू नये. तिथल्या लापशीत उंदराच्या लेंड्या पाहून लान्सबरी खवळले. जेवण सुधारा, अंगावरचे ते कलंकासारखे कपडे बदला, म्हाताऱ्यांना माणसासारखं वागवा, असा त्यांनी धोशा लावला. गरीब कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या शाही आयोगावर (1905–09) त्यांना घेतलं ते याच अनुभवामुळे. बिअट्रिस वेब यांच्यासह त्यांनी अल्पमताच्या अहवालावर सही केली.

1903 मध्ये ते पॉप्लर बरो कौन्सिलवर आले आणि डिसेंबर 1910 मध्ये ‘बो अँड ब्रॉम्ली’मधून खासदार झाले. खासदारकी मात्र त्यांनी कधी जिवापाड जपली नाही. स्त्रियांच्या मताधिकारावर मजूर पक्ष कच खातो असं वाटल्यावर 1912 मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्याच प्रश्नावर पोटनिवडणूक लढवली आणि 751 मतांनी ती गमावली. मताधिकारवाद्यांच्या बाजूने केलेल्या भाषणाबद्दल पुढच्या वर्षी तुरुंगवास घडला, तिथे त्यांनी उपोषण केलं. संसदेचं दार पुन्हा उघडायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात ते ‘डेली हेरल्ड’चे संपादक होते आणि 1919 मध्ये पॉप्लरचे पहिले मजूर महापौर झाले.

इथेच त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं प्रकरण घडलं. पॉप्लर म्हणजे गोदी कामगारांची वस्ती. युद्धानंतरच्या मंदीत काम गेलं आणि बेकारांना पोसण्याचा भार त्याच वस्तीच्या करदात्यांवर पडला. श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये मालमत्तांचं मूल्य अफाट, त्यामुळे तिथे किरकोळ दरानेही भरपूर कर जमे. पॉप्लरमध्ये दर कितीही चढवला तरी हाती फारसं लागत नसे. शिवाय लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ यांचा वाटाही भरावा लागे. 1921 मध्ये पॉप्लरने ठरवलं, की हा वाटा वसूलच करायचा नाही. आधी गरिबांची सोय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 29 जुलैला नगरसेवक बँड वाजवत, अग्रभागी राजदंडधारी घेऊन, मिरवणुकीनेच न्यायालयात निघाले. आपण बहुधा तुरुंगात चाललोय, हे फलकावर लिहूनच टाकलं होतं!

सप्टेंबरमध्ये 30 नगरसेवक आत गेले: पुरुष ब्रिक्स्टनला, बायका हॉलोवेला. त्यात लान्सबरी होते, त्यांचा मुलगा एडगर होता, सून मिनी होती. कौन्सिलचा कारभार थांबू नये म्हणून ब्रिक्स्टन तुरुंगातच सभा भरू लागल्या. महिला सदस्यांना हॉलोवेहून तिथे आणलं जाई. सहा आठवड्यांनी सरकारने माघार घेतली. नगरसेवक सुटले आणि बेकार-मदतीचा भार साऱ्या लंडनने वाटून घ्यावा, असा कायदा त्याच वर्षी झाला. किंमतही मोजावी लागली: 1922 च्या पहिल्याच दिवशी मिनी गेली, वयाच्या 32 व्या वर्षी. कामगारांना स्त्री-पुरुष भेद न करता आठवड्याला किमान 4 पौंड देण्याचा पॉप्लरचा निर्णयही 1925 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अवाजवी ठरवला.

1922 मध्ये लान्सबरी पुन्हा खासदार झाले, ते मरेपर्यंत. त्यांचा आपल्याशीही संबंध आला. अ‍ॅनी बेझंट यांच्या पुढाकाराने तयार झालेलं ‘कॉमनवेल्थ ऑफ इंडिया’ विधेयक 1925 मध्ये कॉमन्समध्ये मांडलं ते त्यांनीच. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी उतरले तो किंग्जली हॉलही बो भागातलाच. 1929 मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री झाल्यावर त्यांनी हाइड पार्कच्या सर्पेन्टाइन तलावात सर्वांसाठी पोहण्याची सोय केली. नगरसेवकाला शोभेलसंच काम!

1931 च्या निवडणुकीत मजूर पक्षाची वाताहत झाली. सभागृहात उरलेल्या मूठभर खासदारांचं नेतृत्व लान्सबरींकडे आलं. त्यांचे उपनेते होते अ‍ॅटली. पण युद्ध कोणत्याही कारणाने नकोच, हे त्यांचं मत आणि फॅसिझमला रोखायचं पक्षाचं धोरण यांची गाठ बसेना. 1935 च्या ब्रायटन अधिवेशनात अर्नेस्ट बेव्हिन यांनी त्यांच्यावर निर्दय टीका केली आणि काही दिवसांतच त्यांनी नेतेपद सोडलं. 1936 मध्ये ते पुन्हा पॉप्लरचे महापौर झाले. 1937 मध्ये शांततेसाठी हिटलर आणि मुसोलिनी यांना जाऊन भेटले.

या भेटीला भाबडेपणा म्हणतात, आणि तो होताच. पण तो आला कुठून, हेही पाहायला हवं. समोर बसून बोललं की माणूस वळतो, हा चाळीस वर्षांचा प्रभागातला अनुभव त्यांनी बर्लिनला नेला. पॉप्लरमध्ये समोरच्यालाही कायद्याची, मतांची, लोकलाजेची भीती होती. हिटलरला यातलं काहीच नव्हतं. नगरसेवकाची हीच वृत्ती 1921 मध्ये त्यांची ताकद ठरली आणि 1937 मध्ये मर्यादा. तरी हिशेब मांडायचा तर मंत्रिपद आणि पक्षनेतेपद यांपेक्षा ते सहा आठवडे जड भरतात. खासदार म्हणून त्यांना करता आलं नाही ते नगरसेवक म्हणून त्यांनी करून दाखवलं: संसदेला कायदा बदलायला लावला.