पूर्णा नदीचे खोरे (जालना जिल्हा)

पूर्णा ही गोदावरीची डाव्या तीरावरील प्रमुख उपनदी आहे. तिचा उगम छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेत होतो. सिल्लोड तालुक्यातून पुढे येऊन ती जालना जिल्ह्यातील भोकरदन व जाफराबाद या तालुक्यांतून वाहते. त्यानंतर बुलढाणा, परभणी व हिंगोली जिल्ह्यांचा प्रदेश भिजवून, सुमारे ३७३ कि.मी. प्रवासाअंती ती परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा ही वेगळी नदी होय. बुलढाण्याकडे गोदावरीच्या पूर्णेला खडकपूर्णा म्हणतात, तेव्हा तेथे तरी घोटाळा होत नाही.

== खोऱ्याची घडण ==

या खोऱ्याचा पाया दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हारसाचे लोटामागून लोट बाहेर पडले आणि थरावर थर साचत गेले. हे सर्व थर सारखे कठीण नाहीत. काही घट्ट व अखंड आहेत, काहींत थंड होताना अडकलेल्या वायूमुळे पोकळ्या राहिल्या आहेत, तर दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. नदी मऊ थर लवकर कोरते आणि कठीण थरापाशी अडते. डोंगराच्या पायऱ्यापायऱ्यांसारख्या उतारांचे व पात्रात मध्येच उघड्या पडणाऱ्या खडकाच्या पट्ट्यांचे कारण हेच आहे. शाळेच्या पुस्तकात नदीच्या बाल्य, तारुण्य व वार्धक्य अशा अवस्था शिकवल्या जातात. समजण्यास ती उपमा सोयीची असली, तरी पूर्णेच्या बाबतीत वयापेक्षा खालचा खडकच अधिक निर्णायक ठरतो.

अजिंठ्याची रांग हा तापी व गोदावरी यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. तिची उत्तर बाजू खानदेशाकडे एकदम तुटलेली, तर दक्षिण बाजू मराठवाड्याकडे सावकाश उतरत जाणारी आहे. त्यामुळे एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन अगदी निराळी खोरी घडवतो. उत्तरेकडे जाणाऱ्या वाघोरा नदीने अजिंठा लेण्यांपाशी नालाकृती खोल घळई कोरली आहे. दक्षिणेकडे वळलेल्या पूर्णेचे खोरे मात्र लवकरच रुंद व उथळ होते. तीव्र उतारावरील प्रवाह उगमाच्या दिशेने अधिक वेगाने झीज करीत असल्यामुळे जलविभाजक हळूहळू दक्षिणेकडे सरकतो, म्हणजेच पूर्णेच्या पाणलोटाचा काठ तापीच्या उपनद्या कुरतडत असतात. हा वेग किती मंद आहे याची साक्ष लेणीच देतात. सुमारे २,००० वर्षांपूर्वी कोरलेल्या लेण्यांतून प्रवाहाकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. याचा अर्थ घळईचे रूप तेव्हाही जवळजवळ आजच्यासारखेच होते.

== जालना जिल्ह्यातील पात्र ==

भोकरदन तालुक्याच्या परिसरात गिरजा, केळणा, जुई, धामणा या नद्यांचे पाणी पूर्णेच्या खोऱ्यात येते. उतार कमी झाल्यामुळे येथे नदी खोदण्यापेक्षा वाहून आणलेला माल टाकण्याचे काम अधिक करते. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार लागून दरड ढासळते आणि आतल्या काठाला वाळू साचते. त्यामुळे पात्र वर्षानुवर्षे थोडे थोडे सरकत राहते. खडकातील बदलांना लाखो वर्षे लागतात, पण गाळातील बदल एका पुरातही दिसू शकतो. काठच्या शेतकऱ्याला दुसरा बदल चांगला ठाऊक असतो, कारण त्यात त्याच्या बांधाची माती जाते.

काठाला खोल काळी जमीन आणि वर सरकत जावे तशी मुरमाड जमीन, अशी येथील सर्वसाधारण रचना आहे. वस्तीही तिला अनुसरूनच झाली. केळणेच्या काठचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन होय. भारहुत व सांची येथील दानलेखांत या गावाच्या रहिवाशांचा उल्लेख आहे. १९७३ च्या उत्खननात येथील पांढरीत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले. पाँपे येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली एक मूर्तीही त्यांत होती. दोन हजार वर्षे माणसे या काठावर राहत आली आहेत. या काळात त्यांनी जंगल तोडले व जमीन नांगरली. उतारावरची माती त्यामुळे अधिक वाहू लागली असली, तरी नदीचा मूळ क्रम टिकून राहिला.

== अलीकडील बदल ==

हा क्रम गेल्या साठ-सत्तर वर्षांत पालटला. पूर्णेवर परभणी जिल्ह्यात येलदरी (१९६८), त्याखाली सिद्धेश्वर आणि वरच्या अंगाला बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा ही धरणे झाली. उपनद्यांवरही प्रकल्प व बंधारे आले. पाणी अडले तसा गाळही अडला. धरणाखाली सुटणारे पाणी गाळाविना येत असल्यामुळे ते तळ व काठ अधिक खरवडते.

याहून मोठा फरक वाळूच्या उपशाने पडला आहे. पूर्णेसारख्या हंगामी नदीत वाळू हीच पाण्याची कोठी असते. पावसाळ्यात भरलेले पाणी वाळूत मुरून राहते आणि काठच्या विहिरींना पुरते. उन्हाळ्यात पात्रात झिरा खणला, की हेच पाणी हाती लागते. वाळू खडकापर्यंत उपसली गेली, तर पुराचे पाणी न मुरता वाहून जाते आणि विहिरींची पातळी खाली जाते. जालना जिल्ह्याचे पाऊसमान ६५० ते ७५० मि.मी.च्या आसपास असल्यामुळे ही तूट दुसरीकडून भरून निघत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. मूळ कारण अपुरा पाऊस हेच होते, परंतु पात्रातला साठा शिल्लक नसेल तर अशा वर्षाची झळ अधिक बसते. पाच हेक्टरांहून लहान क्षेत्रातील गौण खनिजाच्या उत्खननालाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक असल्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दिला. चोरट्या उपशाचा प्रश्न मात्र त्यानंतरही उरला आहे.

२०१४ पासून जलयुक्त शिवार अभियानात नदी-नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण झाले. यंत्राने काही दिवसांत होणारा हा बदल नदीने करावयाचा तर कित्येक पिढ्या लागल्या असत्या. साचलेला गाळ काढणे उपयुक्तच आहे, मात्र पाणी मुरवणारा वाळू-मुरुमाचा थरही खरडून काढला, तर लाभापेक्षा हानी अधिक संभवते. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेखाली तलावांतील गाळ शेतांवर नेला जातो. पूर्वी पूर ओसरल्यावर काठच्या रानात आपोआप पसरणारी माती आता ट्रॅक्टरने वरच्या मुरमाड जमिनीपर्यंत पोहोचते.