दौंड, शिरूर आणि मूळ संख्येचं सोंग

दौंडचा पिनकोड ४१३८०१. संख्या सम नाही, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १७, म्हणजे ३नेही भाग जात नाही. शाळेतल्या या तीन कसोट्या झाल्या, की पुष्कळ जण ‘मूळ संख्या’ म्हणून मोकळे होतात. ७, ११, १३, १७ यांनाही ती दाद देत नाही. १९पाशी मात्र सोंग उतरतं: १९ × २९ × ७५१.

शिरूरचा ४१२२१० शेवटच्या शून्यामुळे पाहताक्षणी बाद. पण ते शून्य काढलं तर उरणारी ४१२२१ ही अस्सल मूळ संख्या आहे! ते तपासायला ४१२२०पर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागत बसावं लागतं, हा दुसरा गैरसमज. ४१२२१चं वर्गमूळ २०३च्या किंचित पुढे. संख्या संयुक्त असती, तर तिचा एक तरी मूळ अवयव त्याच्या आत सापडलाच असता. म्हणून २पासून १९९पर्यंतच्या ४६ मूळ संख्या पुरतात. कुठल्याही सहा अंकी संख्येला हजारच्या आतल्या १६८ पुरतात.

यातून कुणी गावाचं भविष्य काढू नये. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्याने आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेली ही पिनकोड पद्धत पत्रांच्या वर्गवारीसाठी आहे, गुणधर्म योगायोगाचे.

संख्या वाढत गेल्या की मूळ संख्या संपतात, असंही अनेकांना वाटतं. त्या विरळ होतात, एवढंच. चार लाखांच्या आसपास सरासरी तेरा संख्यांमागे एक भेटते. त्या अनंत आहेत हे युक्लिडने सुमारे २३०० वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. त्याच्या युक्तिवादाचाही विपर्यास होतो: पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की नेहमी मूळ संख्याच मिळते, असं युक्लिड म्हणत नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ती ५९ × ५०९.

ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालेली ल्यूक ड्युरांट यांनी शोधलेली मूळ संख्या, २चा १३६२७९८४१वा घात वजा १, तब्बल ४,१०,२४,३२० अंकी आहे. ती ‘सर्वांत मोठी’ नव्हे. त्या वेळी ज्ञात असलेल्यांत मोठी. मूळ संख्यांवर चालणाऱ्या बँकेच्या डिजिटल कुलुपाला ती निरुपयोगी, कारण जगजाहीर संख्या गुपित कशी राहणार? आरएसए या गुप्तलेखन पद्धतीतल्या २०४८ बिटांच्या किल्लीला साधारण ३०९ अंकी दोन गुप्त मूळ संख्या लागतात.

एवढी मोठी संख्या मूळ आहे का हे ठरवायला तिचे अवयव शोधून पाहण्याची गरजही नसते. अवयव न काढता, कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवून, नक्की सांगणारी रीत २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. रोजच्या कामात मात्र संगणक त्याहून वेगवान, संभाव्यतेवर चालणाऱ्या कसोट्याच वापरतात.