शाळेच्या दारात अख्खं घर

पालघर जिल्ह्यात पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाईला शाळेच्या वेळापत्रकाबरोबर आणखी तीन वेळापत्रकं पाठ असावी लागतात. समुद्रावर मासेमारीची बंदी कधी लागते, राबात भात कधी पेरतात आणि तारापूरच्या कंपन्यांतली रात्रपाळी किती वाजता सुटते. मी या जिल्ह्यात किनाऱ्यावर शिकवलं, पाड्यावर शिकवलं आणि आता बोईसरच्या चाळींमधली मुलं माझ्या वर्गात आहेत. शाळा तिन्हीकडे जिल्हा परिषदेचीच. उघडते जूनच्या मध्यावर, एकाच दिवशी. पण त्या दिवशी मुलाचं बोट धरून दारात कोण उभं राहतं, हे तिन्हीकडे सारखं नसतं.

मुरबे, सातपाटी, दांडी, नवापूर या पट्ट्यात जून म्हणजे बाप घरी असण्याचा महिना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, त्यात समुद्रही खवळलेला. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली. त्यामुळे पहिलीतल्या पोराला सोडायला वडील येतात, आजोबा येतात, आणि परतायची घाई कोणालाच नसते. तिकडे पालकसभा घ्यायची ती याच दिवसांत. नारळी पौर्णिमा उलटली की वडील पुन्हा समुद्रावर आणि आई मासळीच्या पाटीमागे.

पाड्यावर याच्या अगदी उलट. मृगाचा पाऊस पडला की राबात भात पेरायचं असतं, आणि तो पाऊस शाळेच्या पहिल्या घंटेसाठी थांबत नाही. आई-बाप दोघं शेतात. शाळेत येते ती मोठी बहीण, तिसरी-चौथीतली, कडेवर आणखी एक भावंड घेऊन. अशा वेळी दुपारी बाराला पालकसभा ठेवून "पालकांना आस्था नाही" असा शेरा मारणं मला कधीच पटलं नाही. संध्याकाळी सातला पाड्यावर जावं, एखाद्याच्या अंगणात बसावं. सगळे येतात. म्हातारी माणसंसुद्धा येतात, आणि प्रश्न विचारतात.

बोईसरला तिसरंच. वडील रात्री अकराची पाळी धरून सकाळी सातला सुटलेले, अंगात अजून कंपनीचाच शर्ट. शाळा साडेदहाला भरते, म्हणजे झोप बाजूला ठेवून आलेले. आई उत्तर प्रदेश, बिहार, नाहीतर ओडिशाकडची, लग्नानंतर थेट चाळीच्या एका खोलीत आलेली. ती दारातच अडते आणि विचारते, "मैडम, हमको तो मराठी आती नहीं, घर पे पढ़ाएगा कौन?" हा प्रश्न प्रत्येक जूनमध्ये येतो, आणि माझ्या मते पहिल्या दिवशी द्यायचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर याच प्रश्नाचं असतं. मी सांगते, ताई, घरी तुम्ही तुमच्याच बोलीत गोष्ट सांगा, गाणी म्हणा, बाजारात नेलंत तर भाज्या मोजायला लावा. मराठी शिकवायचं काम माझं. ज्या मुलाशी घरी भरपूर बोललं जातं ते दुसरी भाषाही लवकर उचलतं, हे मी दरवर्षी वर्गात बघते. वारली घरातल्या मुलालाही हेच लागू आहे. पुस्तकातली मराठी त्यालासुद्धा नवीनच असते.

शाळा उघडायच्या दिवशी प्रवेशोत्सव असतो, तो वाचकांनी वर्तमानपत्रात पाहिलेला असेल. आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, औक्षण, कुठे बैलगाडीतून मिरवणूक, नवी पुस्तकं, पानात काहीतरी गोड. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर पहिल्या पावलाचा ठसा घेतात. १६ जून २०२५ ला तर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस मनोरजवळच्या दुर्वेसच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशोत्सवाला आले होते. मला हा सोहळा मनापासून आवडतो. ज्या घरात शाळेची पायरी चढलेलं आजवर कोणी नव्हतं, त्या घरातल्या पोराला गावासमोर ओवाळलं जाणं ही मोठी गोष्ट आहे. पण तो अर्ध्या तासात संपतो. घराचं स्वागत त्याच्या दोन महिने आधी सुरू व्हावं लागतं.

त्यासाठी राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, एकदा एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये. पहिलीत येणार असलेलं मूल आणि त्याची आई सात टेबलांवरून फिरतात. आधी नाव नोंदवायचं. मग उड्या मारणं, चेंडू झेलणं, कागद फाडून चिकटवणं, वस्तूंचं वर्गीकरण, चित्र बघून बोलणं, आपलं नाव, घरातली माणसं, कोणाची भीती वाटते, काय आवडतं हे सांगणं, मोजणं. शेवटच्या टेबलावर आईशी बोलणं. मुलाला काय जमलं, कुठे मदत लागली हे विकासपत्रावर लिहून ते आईच्याच हातात देतात. इथे पास-नापास काही नाही. एप्रिलच्या पत्राशेजारी जूनची नोंद बसते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय बदललं ते आईला स्वतःला दिसतं.

मोजणीच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. चिंचोके आणि वालाचे दाणे एकत्र करून ठेवले होते. एका मुलाने ते भराभर वेगळे केले, चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग लावले, आणि उरलेले दोन मुठीत धरून म्हणाला, "हे माझे." शेजारी उभी असलेली त्याची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने विचारलं, "बाई, हा अभ्यास आहे? हे तर तो माझ्याबरोबर रोज करतो, मी वाल निवडते तेव्हा." मी म्हटलं, हाच अभ्यास. ती हसली नाही, पण बोटाचा पदर सुटला. पुढच्या टेबलावर तीच मुलाच्या पुढे चालत होती. ही बाई वर्षभर माझ्या माता पालक गटात राहिली. असे पाच-सहा आयांचे गट वस्तीवर असतात. आठवड्याला एक आयडिया कार्ड घेऊन त्या एकमेकींच्या घरी बसतात, मुलांकडून खेळ करून घेतात. त्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला वाचता येत नाही, पण त्यामुळे काम अडत नाही. एकीला येतं, ती सगळ्यांना वाचून दाखवते.

आता कागदपत्रांचं, कारण दारातून परत फिरणारी घरं बहुतेक कागदाच्या भीतीनेच फिरतात. पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला असला तर उत्तम. नसला तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेची नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, तीही नसेल तर आई-वडिलांचं लेखी निवेदन चालतं. १ एप्रिल २०१० ला लागू झालेला शिक्षण हक्क कायदा स्पष्ट सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणूनही नाही, आणि उशीर झाला म्हणूनही नाही. आधार कार्ड मागतात ते नोंदींसाठी, ते नंतर काढता येतं. मूल मात्र आधी वर्गात बसवायचं. पुस्तकं, गणवेश आणि दुपारचं जेवण यांना पैसे पडत नाहीत. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळतील असं जेवण द्यायचं, असा नियम आहे. पहिल्या दिवशी मी आयांना मुलाच्या ताटातली खिचडी चाखून बघायला सांगते. एकदा चव कळली की त्या डबा देण्याची काळजी सोडतात, आणि कधी खिचडी पातळ झाली तर सांगायलाही येतात. त्यांनी सांगायलाच हवं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ती समिती सह्यांपुरती उरता कामा नये.

शाळेने घराकडे जायचं, ही रीत याच जिल्ह्यात फार जुनी आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ. पुढे त्यांचं बालशिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन शिकवायचं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले, तिथे कुरणशाळा भरली. देशभर एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाड्या सुरू झाल्या त्या १९७५ साली. अंगणातल्या शाळेचा प्रयोग आमच्या डहाणू तालुक्यात त्याच्या कितीतरी आधी करून झाला होता. पुढे वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा काढल्या, भट्टीवरच्या झोपड्यांच्या शेजारीच. मेळाव्यात टेबलावर चिंचोके मांडताना मला कोसबाडची आठवण येते आणि मोठा आधार वाटतो.

जूननंतरचे आठवडे हे त्याच स्वागताचा भाग आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली आणलेल्या 'विद्याप्रवेश' कार्यक्रमात पहिलीचे पहिले तीन महिने खेळातून तयारीचे धरलेले आहेत. गाणी, मातीकाम, चित्रं, गप्पा. शेजारची खाजगी शाळा पहिल्याच आठवड्यात वही भरून देते, आमच्याकडे मूल माती मळतं, आणि आई काळजीत पडते. तिला वर्गात बोलवून दाखवावं लागतं. माती मळून बोटांत जोर येतो, मग पेन्सिल नीट धरता येते. तिच्या समोर मूल पेन्सिल धरतं तेव्हा तिला पटतं, नुसत्या माझ्या सांगण्याने नाही. पहिल्या आठवड्यात रडणाऱ्या मुलाच्या आईला मी व्हरांड्यात बसू देते. काही जणींना ते चुकीचं वाटतं, मूल सोकावतं म्हणतात. माझा अनुभव असा की आई दिसते आहे एवढं कळलं की मूल तिच्याकडे बघणं आपोआप सोडतं, आणि मग तीच कंटाळून घरी जाते.

पाड्यावरच्या घरांना जूनमध्येच एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. भात कापून झालं, दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती परततात पावसाच्या तोंडाशी. मूलही बरोबर जातं, आणि पहिलीचं निम्मं वर्ष तिथेच जातं. म्हणून मी आधीच सांगते: जायचं ठरलं की मला कळवा, पहाटे निघणार असाल तर आदल्या रात्री माझ्या घरी निरोप द्या. मी शिक्षण हमी कार्ड भरून देते. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं हे त्यावर असतं. भट्टीजवळ जी शाळा असेल तिथे ते दाखवा, ते मुलाला बसवून घेतील. ठेकेदाराचा फोन नंबर माझ्याकडे राहू द्या, म्हणजे मी तिथल्या गुरुजींशी बोलेन. आणि आजी घरी राहणार असेल तर मुलाला तिच्याजवळ ठेवता येतं का, हे तिलाच विचारू. ती आज इथे आली आहे ना?