आधी टॉवर बघा

‘तुमच्याकडे कुठल्या कंपनीचं नेट चांगलं चालतं हो?’ कोकणात किंवा घाटमाथ्यावर घर बांधायला निघालेला मुंबई-पुण्याचा माणूस विहिरीच्या पाण्याची चौकशी करता करता हल्ली हेही विचारून घेतो. तांब्याच्या तारेवरचा लँडलाइन फोन बहुतेक वाड्यांवर केव्हाच मुका झाला. फायबर आली तर ग्रामपंचायतीपर्यंत किंवा हमरस्त्यापर्यंत येते. तिथून आत, चार घरांच्या वाडीसाठी खांब टाकत जायला कुणी तयार नसतं. तेव्हा मोबाइलचं नेट तेच घरचं नेट. आणि या प्रश्नाला प्रत्येक जण आपापल्या ओसरीवरून उत्तर देतो. वरच्या वाडीतला माणूस एका कंपनीची स्तुती करतो, खालच्या आळीतला तिलाच शिव्या घालतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तुमचा फोन एका वेळी एका ठरावीक टॉवरवरच्या ठरावीक अँटेनाशी जोडलेला असतो. ती अँटेना किती उंचावर आहे, तिचं तोंड कुठे आहे, ती कुठल्या वारंवारितेवर बोलते, तिच्यामागे कसली वायर आहे आणि तिच्याखाली बॅटरी किती तास टिकते, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं. टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून तीन अँटेना असतात आणि प्रत्येकीकडे वर्तुळाचा एक तृतीयांश भाग येतो. त्या तिन्ही सारख्याच काम करतात असं नाही. गर्दीच्या बाजूची थकलेली असते, रानाच्या बाजूची मोकळी. त्यामुळे टॉवर डोळ्यांना दिसतो म्हणजे नेट मिळेलच, असं समजू नये.

वारंवारितेचं गणित थोडं निवांत समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे मोबाइलसाठी ७०० मेगाहर्ट्झपासून ३३०० मेगाहर्ट्झपर्यंतचे पट्टे वापरात आहेत. ७०० ची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, ९०० ची ३३, २३०० ची १३ आणि ३३०० ची जेमतेम ९. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी वाकते, जांभ्याच्या जाड भिंतीतून त्यातल्या त्यात बरी आत येते. आखूड लहर सरळ जाते आणि अडली की अडली. एकाच ताकदीने सोडलेली ३३०० ची लहर मोकळ्या मैदानातही ७०० च्या तुलनेत साध्या फोनच्या अँटेनाला वीस-बावीस पटींनी क्षीण मिळते. मध्ये भिंत, झाडं, टेकडी आली की फरक आणखी वाढतो. संगमेश्वर-राजापूरकडच्या खोलगट वाड्यांत म्हणूनच कमी वारंवारितेचा पट्टा ज्याच्याकडे आहे, त्याचं पारडं जड. जिओकडे ८५० आणि ७०० आहे, एअरटेल आणि व्हीआयकडे ९००, बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० वर चालतं. (बीएसएनएलचं सिम घेण्याआधी आपल्या फोनमध्ये ७०० चा पट्टा, म्हणजे बँड २८, आहे का ते पाहावं. नसेल तर समोर टॉवर असूनही फोन आंधळाच राहायचा.)

पण लांब जाणारी लहर माल थोडा आणते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्येच दाखवून दिलं होतं की, कुठल्याही संदेशवाहिनीची क्षमता दोन गोष्टींवर ठरते: पट्टा किती रुंद आहे आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेश किती स्पष्ट आहे. कमी वारंवारितेला रुंदी कमी मिळते. ५ मेगाहर्ट्झच्या तुकड्यावर फोर-जी आदर्श परिस्थितीत सेकंदाला ३७ मेगाबिटच्या आसपास देतं, २० च्या तुकड्यावर दीडशे. फाइव्ह-जीसाठी ३३०० वर जिओने देशभर १०० मेगाहर्ट्झ घेतले आहेत, त्यामुळे तिथला वेग डोळे दिपवतो. आणि हे ३७ किंवा १५० तुमच्या एकट्यासाठी नसतात. त्या अँटेनाच्या बाजूला जेवढे फोन आहेत, त्या सगळ्यांत ते वाटले जातात. सकाळी सहाला सुसाट चालणारं नेट रात्री नऊला, सगळं गाव जेवून मोबाइल घेऊन बसलं की, का रांगतं, याचं उत्तर एवढंच. गणपतीत चाकरमानी गावात उतरले की टॉवर तोच राहतो आणि फोन वाढतात.

आता फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या. त्यांच्यावर लोकांचा फार विश्वास, आणि तो अनाठायी आहे. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. प्रत्येक फोन कंपनी आपलं सूत्र वापरते. २०१० मध्ये आयफोन ४ च्या तक्रारी आल्यावर खुद्द अ‍ॅपलला कबूल करावं लागलं होतं की, त्यांचं सूत्र चुकीचं होतं आणि फोन असायला हव्यात त्यापेक्षा जास्त दांड्या दाखवत होता. खरा आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात सिमच्या माहितीत तो सापडतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* लावल्यावर दिसतो. फोर-जीवर उणे ८० ते उणे ९० म्हणजे छान, उणे १०० म्हणजे चालेल, उणे ११० च्या खाली गेला की रडतखडत. हे माप लॉगॅरिदमचं आहे: उणे ८० आणि उणे ११० यांत तीसचा फरक दिसतो, प्रत्यक्षात सिग्नलची ताकद हजार पटींनी घटलेली असते. आकडा ओसरीवर, माजघरात आणि पत्र्याच्या पडवीत वेगवेगळा घ्या. पत्रा तर लहरी सरळ परतवतो.

दांड्या आणखी एक गोष्ट लपवतात. त्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते सांगतात, तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, ते नाही. टॉवरवरची यंत्रणा वीस-चाळीस वॅटने बोलते. तुमचा फोन जास्तीत जास्त वॅटच्या पाचव्या हिश्शाने, म्हणजे ०.२ वॅटने. एक जण भोंग्यावरून बोलतोय आणि दुसरा ओठांतल्या ओठांत, अशी ही बातचीत. म्हणून क्रिकेटची मॅच नीट दिसते आणि मीटिंगमध्ये मात्र तुमचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो. घरून काम करणाऱ्याने डाउनलोडचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. व्हिडिओ कॉलला वर जाणारे दोन-तीन मेगाबिट पुरतात, पण ते सलग हवेत. वेगाची चाचणी दहा-पंधरा सेकंदांत उरकते. त्याऐवजी अर्धा तास खराखुरा व्हिडिओ कॉल करून पाहिला तर कंपनीच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

‘पाऊस आला की नेट जातं’ हे वाक्य सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ऐकू येतं. तक्रार खरी आहे, कारण चुकीचं. ७०० ते ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब जवळपास अडवतच नाहीत. अडवतात ती ओली पानं. एप्रिलमध्ये साग उघडाबोडका असतो, जुलैत त्याच झाडावर तळहाताच्या कितीतरी पट मोठी, पाण्याने निथळणारी पानं असतात आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन सिग्नल तपासणाऱ्याला श्रावणात धक्का बसतो तो यामुळे. दुसरा दोषी असतो मागचा दुवा. आडबाजूच्या पुष्कळ टॉवरांपर्यंत फायबर गेलेली नसते. ते दुसऱ्या टॉवरशी मायक्रोवेव्हच्या तबकडीने जोडलेले असतात. या तबकड्या साधारणपणे फोनच्या कितीतरी पट जास्त वारंवारितेवर चालतात, आणि तिथे मात्र मुसळधार पाऊस लहर खाऊन टाकतो. अशा वेळी तुमच्या फोनवर दांड्या पूर्ण असतात आणि पान उघडत नाही. जिथे फायबर आहे, तिथे रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी आणि दरड हे तिचे जन्मजात वैरी.

आणि वीज. टॉवरखाली बॅटऱ्या असतात, काही ठिकाणी डिझेलचं जनित्रही. बॅटरी जुनी असेल तर वीज गेल्यावर तास-दोन तासांत टॉवर झोपतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले, तेव्हा अनेक गावांत दिवसचे दिवस फोन लागत नव्हता. कुठलीच जाहिरात बॅटरीच्या तासांबद्दल बोलत नाही. ते गावातच विचारावं लागतं: ‘लाइट गेल्यावर किती वेळाने रेंज जाते?’ माझ्या मते घर घेण्याआधी विचारायचा हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर किराणा दुकानदार सिम विकणाऱ्यापेक्षा प्रामाणिकपणे देतो.

याच कारणाने दोन कंपन्यांची दोन सिम ठेवण्याचा सल्लाही डोळे मिटून घेऊ नये. टॉवर उभारणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात आणि एकाच सांगाड्यावर दोन-तीन मोबाइल कंपन्या भाड्याने अँटेना लावतात. तुमची दोन्ही सिम त्याच सांगाड्यावर, त्याच बॅटरीवर असतील तर दोन्ही बहुधा एकदमच मरतील. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर नकाशात आपल्या परिसरातले टॉवर आणि त्यांवरच्या कंपन्या पाहता येतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमामुळे कंपन्यांनाही आता आपलं जाळं कुठे पोचतं याचे नकाशे स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. मात्र हे नकाशे बरेचसे संगणकाच्या अंदाजावर रंगवलेले असतात. तुमच्या घरामागची टेकडी त्यात असेल, माजघराची भिंत नसते.

शहरालगत आणि तालुक्याच्या गावी आता फायबर आणि फोनचं नेट यांच्याखेरीज तिसरा पर्याय आला आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली-मुंबईत, आणि जिओने त्याच वर्षी गणेश चतुर्थीला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत एअरफायबर सुरू केलं. नावात फायबर असलं तरी घरात तार येत नाही. गच्चीवर फाइव्ह-जीची पेटी बसते आणि खाली राउटर. तिचा फायदा निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे: अँटेना उंचावर, भिंतीबाहेर, टॉवरकडे तोंड करून आणि फोनच्या इवल्या अँटेनापेक्षा मोठी. फोर-जीच्या सिमवर चालणारा, बाहेरची अँटेना जोडता येणारा राउटरही गावात हेच काम कमी पैशात करतो, आणि वाडीवर मी तोच घ्यायला सांगेन. सिग्नल ‘वाढवणारा’ बूस्टर मात्र ऑनलाइन कितीही स्वस्त दिसला तरी घेऊ नका. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि तो तुमच्याबरोबर सगळ्या आळीचा गोंगाट वाढवून टॉवरलाच बहिरा करतो. एक छोटी अडचण सांगून ठेवतो: मोबाइल नेटवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता दिलेला असतो, त्यामुळे गावच्या घराचा सीसीटीव्ही मुंबईतून थेट पाहायचा असेल तर क्लाउडवरून चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो.

निवड करताना घाईने नंबर पोर्ट करू नका. ज्या दोन कंपन्या शक्य वाटतात त्यांची नवी प्रीपेड सिम घ्या, सगळ्यात छोटं रिचार्ज मारा आणि ती ज्या घरात राहायचं त्याच घरात, रात्री आठ ते अकरा या वेळात वापरा. जमलं तर एक फेरी पावसाळ्यात मारा. डीबीएमचा आकडा, व्हिडिओ कॉल आणि वीज गेल्यानंतरचा वेळ, इतकं वहीत टिपलं की पुरे. मग वाटलं तर जुना नंबर न्या: ‘पोर्ट’ आणि आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस केला की कोड येतो, आणि त्याच परिमंडळात तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. गोवा महाराष्ट्राच्याच परिमंडळात धरलं जातं, मुंबईचं परिमंडळ मात्र वेगळं. मुंबईचा नंबर सावंतवाडीला आणताना पाच दिवस धरावेत. आणि एकदा पोर्ट केलं की पुढचे ९० दिवस तुम्हाला त्या कंपनीतून हलता येत नाही. मे महिन्यात उघड्या सागाखाली उभं राहून केलेलं पोर्टिंग ऑगस्टपर्यंत भोगावं लागतं.