सीमाभागातील बोधचित्रकाराचा जमाखर्च

के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली बेळगावात चित्रकारांची जी पिढी घडली, तिच्यातीलच रवी परांजपे. १९३५ साली याच शहरात जन्मलेला हा कलावंत मुंबईच्या जाहिरातक्षेत्रात, काही वर्षे नैरोबीत आणि पुढे स्वतंत्र बोधचित्रकार म्हणून कीर्तीस पोहोचला. चित्रावर उदरनिर्वाह करावयाचा तर गाव सोडणे त्या काळी जवळजवळ अपरिहार्य होते. आज बेळगावच्या शहापुरातील किंवा निपाणीतील घरी बसून पुण्याच्या प्रकाशकाचे मुखपृष्ठ आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्याच्या मालाचे वेष्टन रेखाटता येते. मात्र गिऱ्हाईक एका राज्यात आणि आपले दप्तर दुसऱ्या राज्यात, ही स्थिती अनेकांना धास्तावून सोडते, आणि त्या धास्तीपोटी काही जण नको ती कंपनी काढतात, तर काही जण बिलच लिहीत नाहीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव-निपाणीचा हा मुलूख मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. निपाणीच्या विद्यार्थ्यांना जवळचे असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत आहे. तेव्हा रोज सीमा ओलांडणे येथे कोणास नवीन नाही. परंतु वस्तू व सेवा कराच्या मूळ कायद्यात परराज्यात करपात्र सेवा पुरविणाऱ्यास उत्पन्न कितीही अल्प असले तरी नोंदणी सक्तीची होती. ऑक्टोबर २०१७ मधील केंद्राच्या अधिसूचनेने ती सक्ती सेवांपुरती उठविली, आणि ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे अशा निपाणीच्या चित्रकाराने पुण्यास बिल पाठविले म्हणून त्याला नोंदणी घ्यावी लागत नाही. ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी ठाऊक असावयास हवी होती. मर्यादा ओलांडली, की कर्नाटकात नोंदणी घेऊन पुण्याच्या बिलावर एकात्मिक कर आणि बेळगावच्या बिलावर केंद्राचा व राज्याचा असे दोन भाग दाखवावयाचे. सर्वसाधारण १८ टक्क्यांचे एकूण ओझे दोन्हीकडे सारखेच. सेवा देणाऱ्यांसाठी ६ टक्क्यांची जी आपसमेळ योजना आहे, ती परराज्यात सेवा पुरविणाऱ्यास मिळत नाही, एवढाच सीमेचा खरा काच.

व्यवसायाचे स्वरूप कोणते असावे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: आरंभी एकल मालकी. तिच्यात वेगळा दस्तऐवज नाही, स्वतःचा पॅन क्रमांक हाच व्यवसायाचा, आणि नफा वैयक्तिक उत्पन्नात मिळून २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी असो वा २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाची भागीदारी असो, तिच्या नफ्यावर मूळ दरच सरळ ३० टक्के. एका व्यक्तीच्या कंपनीस तर उलाढाल नगण्य असली तरी लेखापरीक्षण चुकत नाही. दोघे मित्र मिळून चित्रशाळा चालविणार असतील, तर भागीदारीचा करारनामा अवश्य करावा आणि त्याची नोंदणीही करावी, कारण नोंदणी नसलेल्या भागीदारीस करारातील हक्कासाठी परक्यावर दावा लावता येत नाही.

आयकराच्या बाबतीत एक सूक्ष्म गुंता आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीए अन्वये ठरावीक व्यावसायिकांना ढोबळ मिळकतीच्या निम्मी रक्कम नफा धरून विवरणपत्र भरता येते. परंतु त्या यादीत वकील, वैद्य, वास्तुविशारद आणि चित्रपटांतील कलादिग्दर्शकदेखील नामनिर्दिष्ट असताना पुस्तकांची चित्रे काढणाऱ्याचे नाव नाही. शेजारी तसे भरतो म्हणून आपणही भरावे, हे योग्य नव्हे. सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा, आणि तोवर कागद, रंग, संगणक, वीज यांच्या पावत्या लावून रोजकीर्द ठेवावी. प्रकाशकाने मानधनातून कर कापला असेल, तर तो आपल्या नावे जमा झाला की नाही हे फॉर्म २६एएसमध्ये पाहावे. वर्षाचा उर्वरित कर १० हजार वा त्याहून अधिक होणार असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च यांच्या १५ तारखांना आगाऊ हप्ते भरावयाचे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा नवा आयकर कायदा घेतो आणि त्या तारखेपासून कलमांचे आकडे वेगळे, एवढे ध्यानी ठेवावे.

याहून मोठे दुःख थकलेल्या मानधनाचे. त्यावर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी हा विनामूल्य आणि अत्यंत परिणामकारक उपाय आहे. काम स्वीकारणाऱ्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम त्या गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या खर्चात दाखविता येत नाही. सीमाभागासाठी विशेष महत्त्वाचे हे, की ज्या राज्यात काम करणारा राहतो तेथील, याच कायद्याखालील परिषदेपुढे तक्रार चालते, मग देणेकरी भारतात कोठेही असो. बेळगावच्या चित्रकाराला तक्रार मांडण्यासाठी पुण्याच्या न्यायालयाचे उंबरठे झिजविण्याची तसदी घ्यावी लागत नाही. ही नोंदणी पहिले काम हाती घेण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण नोंदणीपूर्वीच्या व्यवहारास या संरक्षणाचा लाभ मागून मिळणे दुरापास्त असते.

आणि बिलाबरोबर हक्काचा कागदही पाठवावा. १९५७ च्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची मानली जाते. मात्र कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन रंगविलेल्या चित्राचा वा व्यक्तिचित्राचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, सांगणाराच ठरतो. म्हणून मुखपृष्ठाचे चित्र पहिल्या आवृत्तीपुरते दिले की सर्वकाळासाठी, हे बिलाच्या पाठीवर नव्हे, तर काम सुरू होण्याआधी दोघांच्या सह्यांनिशी वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे.