डोंगरावर न्यायचा स्टोव्ह कसा निवडाल?



आमचा बचत गट कळसूबाईच्या पायथ्याशी आहे. डोंगरावर मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही चहा, पिठलं-भाकरी करून देतो. हा भाग अभयारण्याचा, त्यामुळे लाकूडफाटा तोडून चूल मांडता येत नाही. गॅसची टाकी डोक्यावर घेऊन चढण चढायची तर कंबरडं मोडतं. म्हणून आम्ही रॉकेलचा स्टोव्ह घेतला. त्यात आम्हाला जे शिकायला मिळालं, ते आज सांगतो.

स्टोव्ह दोन तऱ्हेचे. वातीचा स्टोव्ह साधा, आवाज न करणारा. पण आच मंद, भांडी काळी होतात आणि कलंडला की रॉकेल सांडतं. पंपाच्या स्टोव्हला आधी काकडा लावून बर्नर तापवावा लागतो. मग हवेच्या दाबानं वर चढलेल्या रॉकेलची वाफ होते आणि ती निळी, जोरकस जळते. उंचावर पाणी कमी उष्णतेवर उकळतं, त्यामुळे भात शिजायला वेळ लागतो. तिथे ही आच कामाला येते. मात्र पिन आणि जादा वॉशर सोबत हवेतच.

पण बायांनो, स्टोव्हच्या आधी इंधनाचा विचार करा. रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही. ते कुठून मिळणार हे पक्कं झाल्याशिवाय स्टोव्ह घेऊ नका.

आमची चूक इथेच झाली. एकदा रॉकेल संपलं. पाहुण्यांचा छोटा स्टोव्ह पेट्रोलवर चालताना आम्ही पाहिला होता. आमच्यातल्या एकीला वाटलं, आपलाही चालेल. तिनं पेट्रोल ओतलं, काडी ओढली आणि भडका उडाला. पदर पेटला. घोंगडी गुंडाळून आम्ही आग विझवली, पण तिचा हात भाजला तो भाजलाच.

असं का झालं? रॉकेल चांगलं तापल्याशिवाय त्याची पेट घेण्याइतकी वाफ होत नाही. पेट्रोलची वाफ थंडीतही होते आणि काडी दिसताच पेटते. पाहुण्यांचा स्टोव्ह त्यासाठीच बनवलेला होता, आपला नाही. म्हणून ज्याचा स्टोव्ह, त्याचंच इंधन. थोडं मिसळूनसुद्धा चालत नाही.

आता आमच्या गटाचे नियम ऐका. टाकी पाऊणच भरायची. पेटत्या किंवा गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही. आधी हवा सोडायची, स्टोव्ह गार होऊ द्यायचा. सपाट दगडावर, पदर खोचून बसायचं. कितीही वारा असो, बंद तंबूत पेटवायचा नाही, कारण आगीइतकाच विषारी धुराचा धोका असतो. रॉकेलचा डबा पिठामिठाच्या पिशवीत ठेवायचा नाही. लिटरभर रॉकेलचं वजन साधारण 800 ग्रॅम होतं, तेव्हा ओझं आधीच वाटून घ्यायचं.

कुणी भाजलंच तर पेस्ट, हळद लावू नका. वीस मिनिटं गार पाणी ओता आणि लगेच दवाखाना गाठा.

आमची ती मैत्रीण आता पुन्हा भाकऱ्या थापते. पण स्टोव्ह भरायची वेळ आली की इंधनाचा वास घेऊन खात्री तीच करते. तुमच्या गटातही हे काम एकीकडे सोपवा.