जनसंज्ञापनाची पदवी : कमाई आणि कर्ज

गेल्या काही वर्षांत आमच्या वसतिगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक नवा अभ्यासक्रम वारंवार येऊ लागला आहे. कोणी त्यास मास मीडिया म्हणतो, कोणी पत्रकारिता; विद्यापीठाच्या कागदावर तो ‘वृत्तपत्रविद्या व जनसंज्ञापन’ असतो. डी.एड., नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती या वाटांविषयी आपल्या पालकांना अनुभवाने चार गोष्टी ठाऊक असतात. या वाटेविषयी मात्र बहुधा महाविद्यालयाच्या गुळगुळीत माहितीपत्रकावर विसंबून निर्णय होतो आणि कर्जाच्या अर्जावर वडिलांची सही पडते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा हिशोब मांडून दाखविणे आम्हांस अगत्याचे वाटले.

प्रारंभीच एक सांगितले पाहिजे. हे क्षेत्र आपले नव्हे, असा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी निघाला, आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्यानंतर ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ज्या समाजाचा इतिहास असा आहे, त्याच्या मुलांनी लेखणी आणि कॅमेरा हाती घेऊ नये असे कोण म्हणेल?

परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू आपण क्वचित वाचतो, ती पैशाची. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांचे २,५०० रुपयांचे साहाय्य होते, तरीही ते १९२३ मध्ये बंद पडले. बाबासाहेब त्या काळी सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. १९२० मध्येच अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले. त्यासाठी स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, असा पैसा त्यांनी उभा केला. म्हणजे कर्ज त्यांनीही काढले. मात्र ते अर्थशास्त्राच्या आणि बॅरिस्टरीच्या शिक्षणासाठी, ज्यातून स्वतंत्र उपजीविका उभी राहणार होती. वृत्तपत्रावर त्यांनी आपले पोट कधीच ठेवले नाही. त्याही आधी, १९१३ मध्ये, बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीसाठी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांना लिहून द्यावा लागला होता, आणि १९१७ मध्ये तो पाळण्यासाठी बडोद्यास गेल्यावर तेथे वाट्याला आलेला अपमान सर्वश्रुत आहे. शिक्षणासाठी बांधून घेतलेला माणूस पुढे कोठे उभा राहू शकतो आणि कोठे नाही, हे ते करारपत्र ठरवीत असते.

आता आजचे करारपत्र वाचू. एखाद्या मुलीने मुंबई वा पुण्याच्या खासगी महाविद्यालयात तीन वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. शुल्क, खोली आणि जेवण धरून दरवर्षी २ लाख, एकूण ६ लाख रुपये कर्ज उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे, असे धरू. शिक्षणाची तीन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. पालक समजतात की तोवर व्याजही नाही. ते चढतच असते: पहिल्या उचलीवर चार वर्षांचे ८०,०००, दुसरीवर ६०,०००, तिसरीवर ४०,०००, मिळून १,८०,०००. पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच ६ लाखांचे ७ लाख ८० हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर दरमहा सुमारे १०,३०० रुपये, एकूण फेड १२ लाख ३७ हजारांच्या घरात. मुदत पंधरा वर्षांची घेतली तर हप्ता ८,४०० च्या आसपास उतरतो, पण एकूण फेड १५ लाखांवर जाते.

या हप्त्यासमोर पगार ठेवू. नवोदित उपसंपादकाचा, वाहिनीवरील कनिष्ठ सहायकाचा किंवा जाहिरात संस्थेतील शिकाऊ मजकूरलेखकाचा पगार आपण १८,००० धरू. याहून कमी वेतनावर, किंवा ‘अनुभव मिळेल’ या नावाखाली महिनोन्महिने बिनपगारी, काम करणारी मुले आम्ही पाहिली आहेत. हप्ता गेल्यावर हाती ७,७०० उरतात. नवी मुंबईत चौघींत भाड्याने घेतलेल्या खोलीचा वाटा, डबा आणि लोकलचा पास यांतच ते संपतात. गावी काहीच जात नाही. उलट गावाहून मागवावे लागते.

पत्रकारांच्या वेतनाला कायद्याचे संरक्षण नाही असे नव्हे. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित केल्या, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये त्या वैध ठरविल्या आणि २०१७ मध्ये कंत्राटी कर्मचाऱ्यांचाही त्यांवर हक्क असल्याचे स्पष्ट केले. पण नवख्या मुलाच्या नेमणूकपत्रात त्याचा मागमूस क्वचितच आढळतो, आणि पहिल्याच नोकरीत न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ कोणात असते? तालुक्याच्या वार्ताहराचे तर बोलायलाच नको. त्याला नाममात्र मानधन मिळते, उरलेली कमाई जाहिराती आणून देण्याच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच विरोधातली बातमी त्याने लिहावी कशी?

आम्हांस या प्रश्नाचे मर्म येथेच दिसते. दहा हजारांचा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा मराठी वृत्तपत्रातील अल्प पगाराची बातमीदारी स्वीकारू शकत नाही. तो प्रसिद्धी संस्थेत जातो, कार्यक्रमांचे आयोजन करतो, बँकेची कार्डे विकतो. ही कामे वाईट नाहीत. पण वस्तीची बातमी लिहिण्यासाठी ज्याने पदवी घेतली, तिच्याच कर्जाने त्याला त्या बातमीपासून दूर नेले. ज्याच्या वडिलांनी शुल्क रोख भरले, तो मात्र दोन-तीन वर्षे कमी पगारावर तग धरतो आणि पुढे संपादकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो. वृत्तकक्षांत आपली माणसे विरळ का, याची कारणे अनेक आहेत. त्यांतील हे एक थेट हप्त्याच्या तक्त्यात लिहिलेले असते.

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवावे. ते आपल्याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद होते. वाड्यांचे नुकसान सर्वांना दिसले. वाडीत मजुरी करणाऱ्याचा रोजगार किती वर्षांसाठी बुडाला, हे सांगायला मात्र येथेच राहणारा बातमीदार लागतो.

आमचा ठोकताळा असा. कर्जाचा हप्ता अपेक्षित पहिल्या पगाराच्या पाचव्या हिश्शाहून अधिक नसावा. १८,००० पगाराचा पाचवा हिस्सा ३,६००. वरच्याच दराने आणि दहा वर्षांच्या मुदतीने त्यात साधारण २ लाखांचे मूळ कर्ज बसते, सहा लाखांचे नव्हे. आपल्या घरांची मिळकतही ध्यानात घ्यावी. पुष्कळांच्या नावे वाडी नाही. दुसऱ्याच्या वाडीवरची मजुरी, पर्यटकांच्या हंगामातील कामे आणि मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेले पैसे यांवर घर चालते. पावसाळ्यात किनारा ओस पडतो. बँकेचा हप्ता आषाढातही येतो.

मग दोन लाखांत हे शिक्षण होते काय? होते, वाट थोडी वेगळी घ्यावी लागते. अनुदानित महाविद्यालयात मराठी, इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करावे आणि त्यानंतर विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट हा विद्यापीठाचाच विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेचे विभागीय केंद्र अमरावतीस आहे. इतिहासाच्या शिक्षकाचा हा पक्षपात मानला तरी चालेल, पण ज्याला एक विषय खोलवर येतो तो बातमीदार अधिक टिकतो. शिवाय वृत्तपत्र न मिळाल्यास बी.एड.चे आणि स्पर्धा परीक्षांचे दार उघडे राहते.

शिष्यवृत्तीचा विचार कर्जाच्या आधी करावा, नंतर नव्हे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख आहे. तिच्यावर उत्पन्न असल्यास फ्रीशिपचे विचारावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. खासगी वा अभिमत विद्यापीठात, किंवा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास या सवलती गमावण्याचा धोका असतो. पैसे भरण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात खात्री करून घ्यावी. कर्ज काढावेच लागले तर कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत आपली संस्था व अभ्यासक्रम बसतो काय, हे बँकेकडून लेखी घ्यावे. बसत असेल तर वरच्या उदाहरणातील १,८०,००० रुपये सरकार भरते आणि हप्ता ७,९०० वर येतो. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास बँका सामान्यतः तारण मागत नाहीत. त्यापुढे मागतात, आणि मग राहते घर किंवा आईचे दागिने पणाला लागतात. तेथे थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दिवेआगरात सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, ताम्रपट मराठीतील अतिप्राचीन ताम्रपटांत गणला जातो, आणि त्यातही सोन्याच्या रकमेचा उल्लेख आहे. व्यवहार लिहून ठेवण्याची सवय या गावाला जुनी आहे. बँकेचे मंजुरीपत्र मात्र बहुधा इंग्रजीत असते आणि ते न वाचताच सही होते. ज्या पालकांना ते वाचून, हप्त्याचा तक्ता कागदावर मांडून हवा असेल, त्यांनी प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी ते घेऊन शाळेत यावे. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि महाविद्यालयाच्या शुल्काचे पत्रकही आणावे.